काढायला का बसवायला?

बोहरी आळीतल्या त्या दुकानात काउंटरवरच्या पोराने मला जे विचारलं, त्यात अडकून पडावं असं काही नव्हतं. मी मोबाईलवर उतरवून आणलेले गनांचे आकडे त्याला वाचून दाखवत होते. हिचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, एवढा, तिचा तेवढा, हिचं वजन बॅटरीसकट किती, तिच्या बॅटरीचे अँपिअर-तास किती. तो ऐकत होता आणि त्याच वेळी शेजारच्या गिऱ्हाइकाला ड्रिलची बिटं मोजून कागदात बांधून देत होता. सुरुवातीला माझ्या मागे कोणी दादा-काका उभे आहेत का, हेही त्याने एकदा बघून घेतलं होतं. ते असो. माझं वाचन संपल्यावर तो म्हणाला, "ताई, गन काढायला पाहिजे का बसवायला?" मी म्हटलं, दोन्हीला. तो हसला नाही. "बरं" म्हणाला. पण त्या "बरं"मध्ये असं काही होतं की मी तिथून काहीच न घेता बाहेर पडले आणि लक्ष्मी रोडपर्यंत चालत येताना मनातल्या मनात त्याच्याशी वाद घालत राहिले.

गन म्हणजे चाकाचे नट खोलायची गन. टायरवाल्याकडे टर्रर्र आवाज करते ती. मला हवी होती ती बॅटरीवरची, आणि मला म्हणजे दादाला. दादा माझा मामेभाऊ. कराडच्या पुढे तासगाव रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, पिकअप, अधूनमधून एखादा ट्रक. त्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे, हवेची गन आहे, पण गळीत हंगामात त्याची निम्मी कामं गॅरेजमध्ये येतच नाहीत. भरलेली उसाची ट्रॉली रात्री अकराला कुठल्या तरी पाणंदीत बसते, टायर फुटलेला असतो, मागे चार बैलगाड्या आणि दोन ट्रॅक्टर अडकलेले असतात, आणि तिथे काही कॉम्प्रेसर उचलून नेता येत नाही. मग जॅक, पाना, टॉमी आणि एक लांब लोखंडी पाईप मोटरसायकलला बांधून निघायचं. पन्नाशी जवळ आल्यावर त्याचा उजवा खांदा बोलायला लागला. डॉक्टरांनी झटक्याची कामं बंद करा म्हटलं. हा मला फोनवर म्हणाला, "झटक्याची कामं बंद केली तर गॅरेज कशाचं? तू पुण्यात हायस, बॅटरीची गन बघ जरा. कुठली चांगली ते तुला नेटवर कळंल."

नेटवर कळतं, हे खरं. इतकं कळतं की आठवडाभर मी ऑफिसच्या कामातून डोकं काढून पिवळी का निळी, लाल का हिरवट-निळी याच विचारात होते. या धंद्यात कंपन्या रंगावरून ओळखतात. डीवॉल्ट पिवळी, बॉश निळी, मिलवॉकी लाल, मकिता मोरपिशीकडे झुकणारी. गंमत म्हणजे या चारही कंपन्या कोणे एके काळी दादासारख्याच माणसांच्या होत्या. बॉशने १८८६ मध्ये श्टुटगार्टला एक लहान वर्कशॉप थाटलं. मकिताने १९१५ मध्ये नागोयात मोटरी विकायला आणि दुरुस्त करायला सुरुवात केली. डीवॉल्ट हा पेनसिल्व्हेनियातला लाकूड कापायची करवत सुधारणारा माणूस. मिलवॉकी कंपनी १९२४ ची, नाव गावाचंच. आता मिलवॉकीची मालक हाँगकाँगची कंपनी आहे, तीही २००५ पासून, आणि डीवॉल्टचा जगप्रसिद्ध पिवळा रंग १९९२ मध्ये ठरवून चढवलेला आहे. तरी या रंगांवरून माणसं एकमेकांशी ज्या त्वेषाने भांडतात, ते वाचताना मला कधीकधी दादाची मूळ गरजच विसरायला व्हायचं. कोणीतरी लाल गन विकत घेऊन पिवळीवाल्याला हिणवतोय, तो उलट वजनाचा मुद्दा काढतोय, आणि रात्रीचे साडेबारा वाजलेत.

भांडणाचा मुख्य मुद्दा टॉर्क. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात हे शाळेत शिकलेलं होतं, पण अंगाला लागलं नव्हतं. साधा हिशोब असा: मीटरभर लांब पाना नटाला लावा आणि टोकाला दहा किलोचं वजन टांगा, झाले साधारण शंभर न्यूटन-मीटर. हा हिशोब कागदावर करताना मला एकदम मामाचं जुनं गॅरेज आठवलं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथेच पडीक असायचो. जमिनीवर तेल मुरून काळी झालेली माती, तिच्यावर अनवाणी चाललं की तळव्याला गार आणि किंचित चिकट लागायची. डिझेलचा वास, आणि कारखाना चालू असला की त्यावर मळीचा आंबूस गोड वास. अडकलेला नट आला की मामा पान्यात पाईप घालायचा, स्वतः धरायचा, आणि तरी हलला नाही तर हाक मारायचा, "कोण रिकामं हाय रं?" मग मला उचलून पाईपच्या टोकावर बसवायचा. मी वीस-बावीस किलोची असेन. खाली दोन्ही बाजूंनी कोणीतरी धरून असायचं. आधी काही व्हायचं नाही, मग "कड्" असा आवाज यायचा आणि पाईप माझ्यासकट वीतभर खाली जायचा. पोटात गोळा यायचा तो अजून आठवतो.

म्हणजे दुसरीत असताना मी दोनशे न्यूटन-मीटर होते.

हे एकदा जमल्यावर सगळे आकडे मला माणसांत दिसायला लागले. आपल्या मोटारीच्या चाकाच्या नटाला लागतात शंभराच्या आसपास. दहा नटांच्या ट्रकच्या चाकाला सहाशेच्या घरात, म्हणजे साठ किलोचा एक माणूस मीटरभर पाईपच्या टोकावर उभा. आणि गनांच्या खोक्यांवर काय छापलेलं असतं? मकिताच्या अर्धा इंची मोठ्या गनवर काढायचा टॉर्क १,६००. मिलवॉकीच्या ज्या मॉडेलचा सगळीकडे गाजावाजा आहे त्यावर १,४०० फूट-पाउंड, म्हणजे जवळजवळ १,९०० न्यूटन-मीटर. डीवॉल्टच्या वरच्या मॉडेलवरही नेमके १,४०० फूट-पाउंड. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांची ताकद शेवटच्या शून्यापर्यंत जुळावी, हा योगायोग मला पचायला जड गेला. एकशे नव्वद किलोचा माणूस पाईपवर उभा करणारी वस्तू साडेतीन किलोच्या आत बसते याचं नवल मात्र वाटलंच, ते काही खोटं नाही.

पण या आकड्यांकडे बघता बघता एक गोष्ट खटकली. प्रत्येक गनचे दोन आकडे असतात. एक आवळायचा, एक सोडवायचा. सोडवायचा नेहमी मोठा, आणि खोक्यावर ठळक तोच. मकिताच्या त्याच गनचा आवळायचा आकडा १,००० आहे, तो बारीक अक्षरात. सगळी स्पर्धा काढण्याची आहे. त्या पोराचा प्रश्न तिथे परत आला. एवढ्या ताकदीने काढायला लागावं असं आपण आधी बसवतो तरी काय?

गंज हे एक उत्तर आहे, आणि उसाच्या पाणंदीत ते पुरेसंही आहे. चिखल, मळी, वर्षभर उघड्यावर उभी ट्रॉली. नट आणि आटे एकजीव होतात. पण दुसरं उत्तर मला माझ्या गाडीने दिलं होतं. पुण्यातल्या एका टायरवाल्याकडे चाकं फिरवून घेतली. पोराने हवेची गन लावली, नट बसला तरी ट्रिगर सोडला नाही, गन टकटकत राहिली, तो दुसऱ्याशी बोलत राहिला. पुढे साताऱ्याला जाताना रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली तेव्हा गाडीतल्या वीतभर पान्यावर मी आणि नवरा दोघेही उभे राहिलो, नट जागचा हलला नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने त्याचा पाना आणला, वर पाईप चढवला, आणि जाताना म्हणाला, "वैनी, हे गनवालं काम हाय." म्हणजे एकाच्या गनने आवळलेलं सोडवायला दुसऱ्याने त्याहून मोठी गन घ्यायची, तो पुन्हा तिनेच आवळणार, आणि पुढचा तिसरा आणखी मोठी घेणार. कंपन्यांना याहून बरं काय हवंय?

खरं तर नटाला इतकं आवळून मिळतही काही नाही. चाक धरून ठेवतो तो नट नव्हे, ताणलेला स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा. तो स्प्रिंगच आहे, जराशी लांब होणारी. आपण लावलेल्या जोरातला जवळजवळ नऊ दशांश भाग नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच जिरतो, स्टड ताणायला उरतो एक दशांश. म्हणून आटे गंजलेले असले की पाना "घट्ट" सांगतो आणि चाक सैल असतं. आटे तेलकट असले की त्याच जोरात स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. एकदा मर्यादेबाहेर ताणला की तो परत येत नाही, पुढच्या वेळी तुटतो. हाताने आवळणाऱ्या जुन्या मिस्त्रीला हे मनगटात कळायचं. नट "खातोय" का "चालतोय" हे मामा डोळे मिटून सांगायचा. गनच्या हातात ते येत नाही, कारण गनचं सगळं कौशल्य हाताला काहीच कळू न देण्यात आहे.

ते कसं, हे मला दुसऱ्या एका दुकानात, नागदेवी स्ट्रीटला कळलं. मुंबईला काम होतं, वाट वाकडी करून गेले. तिथल्या म्हाताऱ्या शेठने व्हाइसमध्ये आवळलेल्या बोल्टवर गन चढवली आणि माझ्या हातात दिली. रबराची मूठ, नव्या प्लास्टिकचा आणि ग्रीसचा वास, बॅटरीमुळे बुडाशी जड. ट्रिगर दाबला. क्षणभर नुसती घरघर, मग बोल्ट अडला आणि खडाखडाखडा असा कान फाडणारा आवाज सुरू झाला. मी मनगट मुरगळेल म्हणून दात आवळून धरलं होतं. काही झालं नाही. हात जागच्या जागी, नुसता थरथरत. आत मोटर एक जड हातोडा फिरवते, नट अडला की तो हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि गरकन येऊन ऐरणीवर आपटतो, मिनिटाला दोन हजारांवर वेळा. जोर सगळा ठोक्यांत जातो, हातात परत येत नाही. दादाच्या खांद्याला हवं होतं ते हेच. त्या क्षणी मी सगळे आकडे विसरले आणि कुठलीही एक घेऊन टाकूया असं वाटलं. गनच्या तोंडाला लावायच्या, नटावर बसणाऱ्या सॉकेटबद्दल शेठ म्हणाले, "गोटी काळी घ्या बरं का, चकचकीत क्रोमची लावू नका. ठोक्याने तडकते, डोळ्यात जाते." हे मात्र कुठल्याही भांडणात कोणी मला सांगितलं नव्हतं.

आणि मग बॅटरीचा विषय निघाला. या सगळ्या प्रकरणाचा जीव तिथे आहे. गन घ्यायची म्हणून आपण जातो, पण करतो ती बॅटरीशी सोयरीक. तिच्यामागून तिचा चार्जर येतो, मग तिचाच ग्राइंडर, तिचंच ड्रिल, तिचाच ब्लोअर. निळीची बॅटरी लालवर बसत नाही. इतकंच काय, बॉशच्या घरगुती हिरव्या मालाची बॅटरी बॉशच्याच निळ्या मालावर बसत नाही. आत बघाल तर सगळीकडे तेच: अंगठ्याएवढे लिथियमचे सेल, पाच-पाच एकामागे एक जोडलेले. एका सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट धरले तर पाचांचे होतात १८, म्हणून मकिता, बॉश, मिलवॉकी १८ लिहितात. भरलेल्या सेलचे मोघम ४ धरले तर होतात २०, म्हणून डीवॉल्ट अमेरिकेत २० लिहिते आणि युरोपात त्याच बॅटरीवर १८. चार्जरवरून काढल्या काढल्या ४.२ धरले तर २१, ते लिहितात बिननावाचे चिनी. त्यातले काही तर "१२८ व्हीएफ" असंही लिहितात. व्हीएफ म्हणजे काय, हे मी तीन दुकानदारांना विचारलं. तिघांनीही "पॉवर" म्हणून सांगितलं.

या बिननावाच्या गनांबद्दल तुच्छतेने बोलायची फॅशन आहे. मला तसं बोलवत नाही. ब्रँडेड गन दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट घेतली तर त्या पैशांत दादाच्या हाताखालच्या पोराचे दोन-तीन पगार होतील. बिननावाची त्याच्या पाव किमतीत येते, मोटारीचे नट आरामात काढते, आणि तिच्यावर बहुतेक वेळा मकिताच्या बॅटरीची खाच जशीच्या तशी उचललेली असते. रस्त्याकडेचे कितीतरी पंक्चरवाले तीच वापरतात, त्यांचं पोट त्यावर चालतंय. फक्त पाणंदीत, रात्री, गंजलेल्या हबपुढे ती हात टेकेल ही भीती. आणि बॅटरीच्या आत सेल कसले भरलेत ते उघडल्याशिवाय कळत नाही, चार्जिंगला लावून झोपायची माझी तरी छाती नाही.

मी दादाला एक लांबलचक मेसेज पाठवला. चारही रंगांचे आकडे, वजन, बॅटऱ्या, वॉरंटी. खरं सांगायचं तर माझ्या मनात लाल भरली होती, का ते सांगता येणार नाही. कदाचित सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून बघितली म्हणून. त्याने मेसेज वाचला असं वाटत नाही. फोन करून विचारलं, "उघडती का ती?"

मी म्हटलं, म्हणजे?

"बिघडली तर उघडती का? आपल्या जुन्या ग्राइंडरचं कार्बन गेलं की पाच मिनटात बदलतूय. ह्याचं काय?"

ह्यात कार्बन, म्हणजे मोटरीत घासत राहणारा ब्रश, नसतो, मी सांगितलं. ब्रशलेस मोटर, घासून झिजण्यासारखं काही नाही, सगळं काम आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड करतं. आणि कार्ड गेलं तर? तर कार्ड बदलायचं, आणि त्याची किंमत ऐकली की माणूस नवी गन घेतो. तो थोडा वेळ काही बोलला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं खोलणाऱ्या माणसाला मी न खोलण्यासारखं यंत्र घ्यायला सांगत होते. हवेच्या गनची पाती त्याने स्वतः कितीदा बदललीत. ती गन मामाच्या वेळची आहे आणि आजही चालते. "बरं," तो म्हणाला, "कार्ड न्हाई उघडत, निदान बॅटरी तरी आपल्या वाटंवर मिळू दे."

आणि निकाल तिथे लागला, माझ्या तक्त्याबाहेर. गॅरेजला लागून एक वेल्डिंगवाला आहे, ट्रॉल्यांचे साटे सांधतो. त्याने गेल्या वर्षी मकिताचा बॅटरी ग्राइंडर घेतलाय. त्याच्याकडे दोन बॅटऱ्या आहेत, हंगामात एक बहुतेक रिकामी पडून असते. दादाने घेतली तर तीच गन, म्हणजे रात्री एक बॅटरी उतरली की भिंतीपलीकडून दुसरी आणता येईल. मी त्याला सांगायला गेले की ही खाच २००५ पासून बदललेली नाही, म्हणजे जुन्या-नव्याचा फारसा घोळ नाही, डीवॉल्टने २०११ मध्ये बॅटरीचा आकारच बदलला होता वगैरे. तो म्हणाला, "ते चांगलंच हाय. पण त्येच्याकडं हाय म्हणून म्हणतोय मी." लाल रंगाचा विषय मी काढला, त्यावर एवढंच, "तिची बॅटरी इथं कुणाकडं हाय?" तीन खंडांतल्या चार कंपन्यांची शंभर वर्षांची चुरस एका पत्र्याच्या भिंतीने मिटवली. मला थोडा रागही आला. आठवडाभराची माझी रात्रीची जागरणं त्याने विचारातही घेतली नव्हती. पण दुसरा मुद्दा माझ्याकडे नव्हता.

गन मी बोहरी आळीतूनच घेतली, काळ्या गोट्यांच्या सेटसकट. त्या पोराला या वेळी आधीच सांगितलं, काढायला. त्याने "मग बसवायला हा घ्या" म्हणून क्लिक होणारा टॉर्क पाना पुढे केला, आणि तोही घेतला. दिवाळीनंतर कराडला गेले तेव्हा दोन्ही वापरात होते. ट्रॉलीचं चाक खोलताना हाताखालचं पोरगं गन चालवत होतं, चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. खडाखड नट उडत होते. बसवताना मात्र दादाने त्याच्या हातातून गन काढून घेतली, नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवायला लावले, गनची ताकद सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून नुसते टेकवले, आणि मग समोरासमोरचे नट धरत टॉर्क पान्याने क्लिक होईपर्यंत आवळले. पोरगं वैतागलं होतं. "गन आसताना हातानं का?" त्याने मला विचारलं, जणू गन आणली म्हणून उत्तराची जबाबदारी माझी. दादा म्हणाला, "फुडल्या टायमाला ह्यो नट तूच काढणार हायस, म्हणून."

परवा त्याचा परत फोन आला. हंगाम जोरात आहे, दोन बॅटऱ्या पुरत नाहीत, वेल्डिंगवालाही आता रात्री काम करतो त्यामुळे त्याची रिकामी नसते. दोघांनी मिळून तिसरी घ्यायची ठरवलंय, निम्मे निम्मे पैसे घालून. पाच अँपिअर-तासाची घ्यायची का सहाची, हे मी बघून सांगायचं. आणि बिल कोणाच्या नावावर करायचं ते दुकानदाराला विचारायचं, कारण वॉरंटी एकाच नावावर मिळते म्हणे.